खिडकीतून आलेली सही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग दुसऱ्या शाळेत होता, तिथे जायला नाला ओलांडावा लागायचा, म्हणून वडिलांनी नाव काढून घेतलं. त्याचं मला दुःख नाही. वर्तमानपत्र वाचता येतं, विणीचे नमुने लिहून घेता येतात. इंग्रजी मात्र येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या भानगडीत इंग्रजीचा संबंध आहे.

आमचे हे इंदूरच्या क्रिकेटच्या मैदानावर कामाला होते. खेळायला नाही, ड्रेसिंग रूम सांभाळायला. पॅड उन्हात टाकायचे, टॉवेल धुवायला द्यायचे, लिंबाचं सरबत करायचं, कोणाच्या बुटाचा खिळा निघाला तर ठोकून द्यायचा. माझ्या सासऱ्यांनी संस्थानच्या पागेत घोडे सांभाळले, ह्यांनी खेळाडू सांभाळले. हे म्हणायचे, घोडे बरे, ते सही मागणाऱ्याला लाथ तरी मारतात.

कारण सह्यांचा ताप फार होता. ड्रेसिंग रूमच्या मागे जाळीची खिडकी होती आणि जाळीखाली वही सरकेल एवढी फट. बाहेर शाळा बुडवून आलेली पोरं दाटीवाटीने उभी असायची आणि फटीतून एकामागून एक वह्या आत यायच्या. खेळाडू दहा-वीस सह्या करायचे, मग कंटाळायचे. दिवसभर उन्हात उभं राहून आलेल्या माणसाला कोणाच्या वहीचं काय पडलंय? एक दिवस त्यांच्यापैकी कोणीतरी ह्यांना म्हणाला, "तूच कर रे. तुझं अक्षर चांगलं आहे."

तिथून सुरुवात झाली.

ह्यांना शाळेत इंग्रजी कधी जमलं नाही, पण अक्षर सुंदर होतं. खेळाडूंची इंग्रजी नावं हे वाचायचे नाहीत, काढायचे. मी दारात रांगोळी काढते तसं. मोठा सामना जवळ आला की घरी बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सराव चालायचा. मी नवीन लग्न होऊन आलेली, तरी विचारलं, "हे काय चाललंय?"

"सराव."

"ही लबाडी आहे."

"लबाडी कसली? ज्याचं नाव आहे तोच सांगतो, कर म्हणून. बाहेर पोरं रडतात. तू येऊन बघ एकदा."

"मग पोरांना सांगा, मी केली आहे म्हणून."

"मग ती जास्त रडतील."

मी स्वयंपाकाला आत गेले. 

ह्यांच्या हाताला एक खोड होती. स्वतःची सही केली की खाली रेघ ओढायचे आणि रेघेखाली दोन ठिपके द्यायचे. रेशनच्या फॉर्मवर, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर, पोस्टमनच्या कागदावरसुद्धा. ठक, ठक. दुसऱ्याची सही करतानाही तो हात थांबायचा नाही. मी एकदा म्हटलं, "त्या माणसाच्या सहीत ठिपके नाहीत." हे म्हणाले, "पोरांना चालतात."

आता मास्तरांविषयी. आमच्या घरासमोर एक मास्तर राहतात. वय एकाहत्तर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी चालताना माझ्यापेक्षा म्हातारे दिसतात. मला वहिनी म्हणतात. माझा मुलगा ज्या शाळेत होता तिथे ते शिकवायचे, तीन वर्षं त्याचे वर्गशिक्षकच होते. नक्कल पकडण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. दोन वह्या शेजारी ठेवून ते सांगायचे, हा गृहपाठ ह्याने लिहिलेला नाही, ह्याच्या बहिणीने लिहिला आहे. आणि पोरगं कबूल व्हायचं.

ह्या मास्तरांकडे एका वहीत एक सही आहे. ते सहावीत असताना मुंबईचा संघ इथे आला होता. त्यातला एक फलंदाज फार मोठा होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही. मास्तर शाळा बुडवून दोन तास त्या खिडकीशी उभे राहिले, फटीतून वही सरकवली, ती सही होऊन परत आली. एवढीच गोष्ट. पण सांगायला बसले की त्यांना अर्धा तास लागायचा. जाळीमागे काय काय दिसलं, मागच्या पोराने कसं ढकललं, आतून हात कसा आला. "हात आला हो, वहिनी! नुसता हात! आणि वही गेली आत!" गणपतीत सांगून झालं, दिवाळीच्या फराळाला सांगून झालं, माझ्या मुलाच्या लग्नाच्या पंगतीतही त्यांनी ते सांगितलं.

ह्यांची आणि मास्तरांची घट्ट मैत्री होती. संध्याकाळी दोघं कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, राजघराण्याच्या समाध्यांपर्यंत, चालत जायचे आणि भांडत परत यायचे. पण सहीची गोष्ट निघाली की हे उठायचे आणि पाणी प्यायला आत जायचे. दर वेळेस. एकदा आत येऊन माठाशी उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "सांगावं का गं त्याला?"

मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

ते पाणी प्यायले आणि बाहेर जाऊन बसले. नऊ वर्षांपूर्वी हे गेले. सांगायचं राहून गेलं ते माझ्याकडे आलं.

माझ्याकडेही त्याच फलंदाजाची एक सही आहे, त्याच सामन्यातली. ती कशी मिळाली ते सांगते. त्या माणसाने पहिल्या दिवशी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन कचोऱ्या खाल्ल्या, वर तळलेल्या कंदाचे गराडू खाल्ले. मुंबईच्या पोटाला ते कुठलं झेपायला? दुसऱ्या दिवशी तो आडवा. हे सायकलवरून घरी आले आणि म्हणाले, "मऊ भात कर. मेतकूट आहे ना?" मी भात केला, तूप-मेतकूट घातलं, डबा दिला. संध्याकाळी पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशी ह्यांना सवड नव्हती, म्हणून मीच डबा घेऊन मागच्या दाराशी गेले आणि रिकामा डबा परत मिळेपर्यंत पायरीवर विणत बसले. थंडीचे दिवस होते, ह्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर सुयांवर होता.

थोड्या वेळाने तो माणूस स्वतःच डबा घेऊन बाहेर आला. मी उभी राहिले. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला काय देऊ?"

मी म्हटलं, "काही नको. डबा द्या."

तो हसला. माझ्या मांडीवरून खाली पडलेली वही त्याने उचलली. ती विणीच्या नमुन्यांची वही होती. खिशातून पेन काढून तो सही करायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "इंग्रजीत करू नका. मला वाचता येत नाही. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू, हे कोणाचं आहे म्हणून?"

मग त्याने मराठीत लिहिलं. 'वहिनी, तुमच्या भातामुळे उभा राहिलो.' खाली पूर्ण नाव, मराठीतच. वर माझा नमुना होता, दोन सुलट, एक उलट, आणि त्याखाली हे. त्या दिवशी त्याने किती धावा काढल्या मला ठाऊक नाही. उभा राहिला एवढं खरं.

साठ वर्षं त्या दोन्ही सह्या आपापल्या घरी पडून होत्या. गेल्या वर्षी मास्तरांचा एक जुना विद्यार्थी त्यांच्याकडे आला. मानपूरच्या रस्त्यावर त्याने नवीन हॉटेल बांधलं होतं, ट्रकवाले आणि मोटारवाले दोघांसाठी, आणि आत सगळी क्रिकेटची सजावट करायची होती. मी मास्तरांकडे दही विरजायला विरजण मागायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"मास्टरसाब, बस एक चीज चाहिए," तो पाया पडून म्हणाला. "आपकी वो साइन. हमने क्लास में सौ बार सुनी है वो कहानी. काँच में लगाऊँगा, नीचे पीतल की पट्टी, उस पर आपका नाम."

मास्तरांचा चेहरा असा फुलला की मला खाली बघावं लागलं.

"बस, एक सर्टिफिकेट लगेगा," तो पुढे म्हणाला. "आजकल ग्राहक पूछता है, भिया असली है क्या?"

मास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठीक है. मी आयुष्यभर पोरांना तपासलं, आता मला कोणी तपासलं तर काय बिघडलं?"

माझी नात इथेच एका ऑफिसात नोकरी करते. तिने फोनवर मुंबईची एक कंपनी शोधून काढली. मला काही समजेना, तेव्हा तिने समजावलं. ही कंपनी सही विकत नाही, विकत घेत नाही. विकणारा वेगळा, घेणारा वेगळा, कंपनी तिसरी. त्या कंपनीकडे सही पाठवायची, ते तपासून कागद देतात आणि एक चकाकणारं स्टिकर लावतात, त्यावर नंबर. मग जगात कोणी शंका घेत नाही.

मी विचारलं, "सही केली तेव्हा ते तिथे होते का?"

"नाही गं आजी."

"मग त्यांना कसं कळतं?"

"त्यांच्याकडे नमुने असतात. खऱ्या सह्या. त्यांच्याशी जुळवून बघतात."

"ते नमुने खरे आहेत हे कोण सांगतं?"

"आजी, तू फार प्रश्न विचारतेस. ते एक्स्पर्ट आहेत."

मी विणायच्या सुया हातात घेतल्या. आणि इथे माझी चूक झाली, ती लिहूनच टाकते. मला तेव्हाच मास्तरांना सांगता आलं असतं. पण मला वाटलं, मुंबईची शिकलेली माणसं आहेत, ती पाहताक्षणी सांगतील सही खोटी आहे म्हणून. म्हणजे माझ्या तोंडून जायला नको. मास्तर कंपनीवर चिडतील, ह्यांच्यावर नाही. लोकांना मी फटकळ वाटते, पण त्या दिवशी मी घाबरले होते.

नातीने माझ्या वहीचं पानही सोबत पाठवायचं ठरवलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "मास्तरांची जातेच आहे, तुझीही जाऊ दे. बघू तरी." मास्तरांनी सियागंजच्या बाजारातून जाड पुठ्ठा आणि टेप आणली, दोन दिवस खपून पार्सल केलं, आणि कुरियरवाल्याला इतक्या सूचना दिल्या की तो म्हणाला, "बाबूजी, काँच का है क्या?"

महिन्याभराने उत्तर आलं. मास्तर पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले. नव्या शर्टात. मागून नात आली, तिचं तोंड उतरलेलं. मास्तरांची सही खरी ठरली होती. कागद, शिक्का, स्टिकर, सगळं होतं. माझ्या पानाला स्टिकर नव्हतं. 'संशयास्पद' असा शेरा होता. ह्या खेळाडूने मराठीत सही केल्याचा एकही नमुना आमच्याकडे नाही, असं लिहिलं होतं.

मी पेढा खाल्ला. दुसरं काय करणार?

मास्तर माझी समजूत घालायला लागले. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. साठ वर्षं झाली. दुसऱ्या कोणी लिहून दिलं असेल. माणसाची आठवण फसवते."

"भाऊजी, तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याच्या मिशीला मेतकूट लागलेलं होतं."

"हो, हो," मास्तर म्हणाले. आजारी माणसाला म्हणतात तसं. मग त्यांनी चष्मा लावला आणि आपला कागद नातीला वाचायला सांगितला. नात एकेक ओळ वाचून मराठीत सांगायला लागली. अक्षरांचा कल जुळतो. शाई त्या काळातली आहे. "आणि बघ आजी, इथे लिहिलंय, सहीखालची रेघ आणि रेघेखालचे दोन ठिपके ही ह्या खेळाडूची खास ओळख आहे. आमच्याकडे मध्य भारतातून आलेले चार नमुने आहेत, चारही नमुन्यांत ते आढळतात."

 मी आत जाऊन माठाशी उभी राहिले आणि पाणी प्यायले.

म्हणजे इंदूरच्या पोरांच्या वह्या कुठून कुठून मुंबईला पोचल्या होत्या, आणि ह्यांच्या हातच्या सह्या हाच तिथे खऱ्याचा नमुना झाला होता. त्या नमुन्याशी जुळली म्हणून मास्तरांची खरी. जुळली नाही म्हणून माझी खोटी. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि बाहेर मास्तर नातीला जाळीची गोष्ट पहिल्यापासून सांगत होते.

ते गेल्यावर मी नातीला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "आजी, छोड ना. स्टिकर लागलं म्हणजे लागलं. कोणाला कळणार आहे? आणि मास्तरांना इतकं खूश कधी पाहिलं होतंस?"

तिचं खोटं नव्हतं. मीही चार दिवस तोच विचार करत राहिले. मास्तरांची बायको गेली, मुलगा परदेशी. दिवसभर बोलायला माणूस नाही. त्यांच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी ती एक गोष्ट. ती मी काढून घ्यायची? कशासाठी? मी खरी ठरावी म्हणून? मला कोणाचं स्टिकर नको होतं.

पाचव्या दिवशी तो हॉटेलवाला पितळेची पट्टी दाखवायला आला. मास्तरांनी हाक मारून मलाही बोलावलं. वर मास्तरांचं पूर्ण नाव, खाली 'असली हस्ताक्षर', आणि अक्षरं अशी खोल कोरलेली की पन्नास वर्षं जाणार नाहीत. येत्या रविवारी उद्घाटन.

मास्तर पट्टीवरून बोट फिरवत होते. मी पाहत राहिले. गोष्ट सांगणं वेगळं, ती फराळाबरोबर संपते. पण हे नाव मास्तरांचं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांच्या नकला पकडल्या, त्याचं नाव नकलेखाली पितळेत बसणार होतं. आणि मला ते माहीत होतं, ह्यांच्यामागे डोळ्यांनी पाहिलेली फक्त मी. उद्या मी मेले की सांगणारं कोणी उरणार नाही, नात तर सोडून द्या म्हणते, असंही मनात आलं. पण मी अजून मेले नव्हते.

घरी आले, ट्रंक उघडली आणि मुलाचं सातवीचं प्रगतिपुस्तक काढलं. तेवढं पिशवीत घालून समोर गेले. मास्तर वरणाला फोडणी देत होते.

मी म्हटलं, "गॅस बंद करा, भाऊजी."

"का? काय झालं?"

"बंद करा आणि तुमची वही आणा."

त्यांनी वही आणली. मी प्रगतिपुस्तक उघडून शेजारी ठेवलं. एका बाजूला वर्गशिक्षक म्हणून मास्तरांची सही. दुसऱ्या बाजूला पालक म्हणून ह्यांची. खाली रेघ. रेघेखाली दोन ठिपके.

 दोन वह्या शेजारी ठेवल्यावर काय करायचं हे त्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

त्यांनी भिंग आणलं. खिडकीजवळ गेले. एकदा वही, एकदा प्रगतिपुस्तक. बराच वेळ ते नुसते मास्तर होते, तपासत होते. मग म्हणाले, "दुसरा ठिपका पहिल्यापेक्षा खाली आहे. दोन्हीकडे." आणि थोड्या वेळाने, "रेघ उजवीकडे वर चढते." मग भिंग खाली ठेवलं आणि खुर्चीत बसले. एकदम लहान दिसायला लागले.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "दर तिमाहीला माझ्या टेबलावर हे पुस्तक यायचं. दर तिमाहीला मी हे ठिपके पाहिले."

"हो."

"मी नक्कल पकडायचो, वहिनी."

"तुम्ही पोरांच्या पकडायचात. पालकांच्या कोण बघतं?"

ते हसले नाहीत. वरणाचं पातेलं तसंच होतं, मी उठून त्यावर झाकण ठेवलं. मला वाटलं, झालं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही. तसं झालं असतं तर मी ते सोसलं असतं, पण आवडलं नसतं.

मग त्यांनी विचारलं, "त्याने मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतके रंगून सांगायचात. त्यांना धीर झाला नाही. उठून पाणी प्यायला जायचे."

मास्तरांनी मान वर केली. "म्हणून जायचा तो?"

"मग?"

"मला वाटायचं त्याला साखरेचा त्रास आहे! मी त्याला दोनदा तपासणी करायला पाठवला होता!"

"आठवतं मला. हे उपाशीपोटी गेले आणि येताना जिलबी खाऊन आले."

आता मात्र मास्तर हसले. पहिल्यांदा नाकातून, मग जोरात, मग डोळे पुसत. हसता हसता म्हणाले, "म्हणजे खिडकीतून हात आला तो..."

"ह्यांचाच."

"आणि मी इतकी वर्षं त्याच हाताला टाळ्या देत होतो."

मी म्हटलं, "त्या माणसाने स्वतः सही केली असती, तर तुम्हाला पुन्हा कधी भेटला असता का?" हे बोलून गेले आणि वाटलं, जरा जास्तच गोड झालं. म्हणून पुढे म्हणाले, "पट्टी परत करा. तुमचं नाव आहे त्यावर."

मास्तरांनी लगेच हॉटेलवाल्याला फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"मास्टरसाब, सर्टिफिकेट है ना! कंपनी बोल रही है असली, आप क्यूँ नकली बोल रहे हो?"

"कारण मी तपासली आहे," मास्तर मराठीतच म्हणाले. त्यांना आवेश आला की हिंदी सुटते. "कंपनीने नकलेशी नक्कल जुळवली. नापास!"

मग त्यांनी त्याला सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता पलीकडे तो हसायला लागला. म्हणाला, "ये तो और बढ़िया है, मास्टरसाब! लोग खड़े होकर पढ़ेंगे. आप बस लिखवा के दे दो. पट्टी से 'असली' मैं घिसवा देता हूँ."

मास्तरांनी फोन ठेवला आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "वहिनी, लिहा. तुम्ही पाहिलंय. तुमच्यासारखा तिसरा माणूस मुंबईत कुठून मिळायचा?"

मी म्हटलं, "माझं अक्षर बघितलंय का? चौथीतलं आहे."

"लिहा."

मी लिहिलं. 'ही सही माझ्या नवऱ्याने केली आहे. खेळाडूने सांगितलं म्हणून केली. बाहेरचा मुलगा रडू नये म्हणून केली. खालचे दोन ठिपके त्यांचे आहेत. मी ओळखते.' आणि खाली माझी सही. ती करायला मला नेहमीच वेळ लागतो, कारण मी प्रत्येक अक्षर पूर्ण काढते. मास्तरांनी कागद हातात घेतला, सवयीने खिशातलं लाल पेन काढलं, एका वेलांटीवर नेलं, आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"तुमचं पान खरं आहे, वहिनी," जाताना ते म्हणाले.

"मी कुठे विचारलं होतं?" मी म्हटलं. वरणाला फोडणी मीच देऊन आले, त्यांची करपली होती.

त्या रविवारी नातीने आम्हा दोघांना तिच्या गाडीतून मानपूरच्या रस्त्याने नेलं. हॉटेल स्वच्छ होतं, दालबाफले बरे होते, तूप हात राखून वाढलं होतं. काउंटरशेजारी काचेत मास्तरांच्या वहीचं पान आणि त्याखाली माझा कागद. पट्टीवरचा 'असली' घासून काढलेला, तिथे पितळ जास्त चकाकत होतं. मुंबईचा कागद मास्तरांनी घरी आपल्या जुन्या प्रश्नपत्रिकांमध्ये ठेवला आहे.

जेवणं झाल्यावर हॉटेलवाल्याने पाहुण्यांना गोळा केलं आणि मास्तरांना पुढे उभं केलं. मी जरा काळजीत होते. पण मास्तरांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शाळा बुडवली, जाळीशी उभा राहिलो, मागच्याने ढकललं. "आणि हात आला हो! नुसता हात!" मग थांबले. सगळ्यांकडे पाहिलं. "आणि तो हात कोणाचा होता, सांगा बघू?" लोक त्या फलंदाजाचं नाव ओरडायला लागले आणि मास्तर एकेकाला मान हलवून नापास करत सुटले. गोष्ट आता पाऊण तासाची झाली आहे. त्यात प्रगतिपुस्तक आलं, जिलबी आली, मेतकूटही आलं.

माझ्यापुढे पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला होता. मी उठले नाही. शेवटपर्यंत बसून ऐकलं.